मिठाईला पिंजऱ्यात उभे करण्यापूर्वी

जुलै २०२५ मध्ये देशभरच्या वृत्तवाहिन्यांनी एक बातमी मोठ्या चवीने चघळली : समोसा आणि जिलेबी यांवर आता सिगारेटप्रमाणे धोक्याचा इशारा लावावा लागणार. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने असे काही म्हटलेच नव्हते. कार्यालयांत आणि संस्थांत पदार्थांतील साखर व तेल यांची माहिती देणारे फलक लावावेत, एवढीच ती सूचना होती, आणि पत्र सूचना कार्यालयाने लगोलग तसा खुलासाही केला. पण बातमी गावभर हिंडून आली तरी खुलासा उंबरठ्यावरच असतो. दिवाळी आली की तीच जिलेबी पुन्हा पिंजऱ्यात उभी राहते, या वेळी दातांची मारेकरी म्हणून. ‘मिठाई टाळा, दात वाचवा’ हा उपदेश दरवर्षी निष्ठेने पुढे पाठवला जातो आणि तितक्याच निष्ठेने मोडला जातो. तो कठोर आहे याबद्दल माझी तक्रार नाही. तो भलत्याच ठिकाणी बोट ठेवतो, ही माझी तक्रार आहे.

दात किडतो तो आम्लाने. दातांवर जमणाऱ्या थरातील जिवाणू साखर खातात आणि आम्ल टाकतात. रॉबर्ट स्टीफन या संशोधकाने १९४० च्या दशकात हे मोजून दाखवले : ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरली की काही मिनिटांत त्या थराचा पीएच झपाट्याने घसरतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा ते एक तास लागतो. तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. वर आला की लाळ त्यांची भरपाई करू लागते. दिवसभर चाललेला हा जमाखर्च आहे. चार पेढे एका बैठकीत खाल्ले तर घसरण एकदा होते. तेच चार पेढे तासातासाने खाल्ले तर ती चारदा होते, आणि लाळेला सावरायला उसंत मिळत नाही. साखर मात्र दोन्ही वेळा तितकीच.

याचा सर्वांत मोठा पुरावा ज्या प्रयोगातून आला, त्याचे नाव घेताना विज्ञानाने मान खाली घालावी. स्वीडनमधील लुंड येथील विपेहोम या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुद्दाम साखर आणि चिकट टॉफ्या खाऊ घातल्या गेल्या. संमती देण्याच्या स्थितीत ती माणसे नव्हतीच. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले : जेवणाबरोबर साखर मिळालेल्यांचे दात तुलनेने थोडे किडले, जेवणांच्या अधेमधे टॉफ्या चघळणाऱ्यांचे सर्वाधिक. एवढी किंमत मोजून हाती आलेले हे ज्ञान आपल्या दिवाळीच्या उपदेशांत औषधालाही सापडत नाही.

आपल्याकडे पूर्वापार गोड पदार्थ पानातच वाढला जाई, वरण-भाताच्या शेजारी. पीएच कोणालाच ठाऊक नव्हता; पण जेवताना लाळ भरपूर सुटते आणि पुढचा घास मागच्याला धुऊन नेतो, हा लाभ आपोआप मिळत होता. आज मिठाईचा खोका बैठकीच्या मेजावर उघडा पडलेला असतो. लखनऊ असो, कोलकाता असो की नागपूर, येता-जाता हात त्यात जातो. खोका रिकामा झाला तरी चहाबरोबर बिस्किट आहेच, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस. त्या बिस्किटाविरुद्ध सणासुदीला कोणी पत्रक काढत नाही.

चिकटपणाविषयीचा आपला अंदाजही फसवा असतो. काश्केट आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली दाखवले की लोक ज्याला चिकट समजतात ते कॅरमेल तोंडातून बरेच लवकर निघून जाते. बिस्किटे आणि बटाट्याचे वेफर मात्र दाढांच्या खाचांत रेंगाळतात. तेव्हा पाक लाळेबरोबर वाहून जाणाऱ्या रसगुल्ल्याला शिव्या देत दुपारभर शंकरपाळ्यांचे बकाणे भरणाऱ्याने जरा थांबून विचार करावा. गुळाच्या भक्तांनीही करावा. गुळाचा मोठा भाग सुक्रोजच असतो, आणि त्याचा रंग तपकिरी आहे म्हणून जिवाणू उपवास धरत नाहीत.

मग करायचे काय? ‘खाल्ल्याबरोबर ब्रश’ हा सल्ला ऐकायला बरा, पण सणाच्या दिवशी कोण दहा वेळा मोरीकडे धावणार? शिवाय आंबट सरबत प्यायल्यावर मऊ झालेल्या एनॅमलवर लगेच ब्रश घासणे अपायकारकच. खाल्ल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी. रात्रीचा ब्रश मात्र कोणत्याही सबबीवर चुकवू नये, आणि त्यानंतर काही खाऊ नये. झोपेत लाळ जवळजवळ आटते. फटाके उडवून आल्यावर तोंडात टाकलेला शेवटचा लाडू रात्रभर काम करत राहतो. टूथपेस्ट फ्लोराइडयुक्त असावी आणि घासल्यावर फेस थुंकावा, पण पाण्याने तोंड धुऊन फ्लोराइड वाहून घालवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. आपल्या बाजारात मात्र लवंग, कडुनिंब आणि कोळसा यांच्या जाहिरातींचा एवढा गलबला आहे की नळीवरचा फ्लोराइडचा आकडा वाचायला सवड कोणाला! काही पेस्टमध्ये तो नसतोच. फ्लोराइडची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही; नलगोंडा आणि राजस्थानच्या काही भागांत भूजलातील जादा फ्लोराइडने माणसांची हाडे वाकवली आहेत. पण रोज पोटात जाणारे पाणी वेगळे आणि थुंकून टाकायची पेस्ट वेगळी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

या साऱ्या गोंधळाची खरी किंमत मुले मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात ५१.४ कोटी मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत. आपल्या २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांचे दात किडलेले आढळले होते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, तरी उपचाराचा खर्च बहुतेक घरांत खिशातूनच होतो. म्हणून दुखेपर्यंत कोणी जात नाही आणि दुखू लागले की दात काढून मोकळे होतात.

आमच्या शेजारच्या सात वर्षांच्या मुलीची खालची दाढ गेल्या वर्षी काढावी लागली. ‘दुधाचीच आहे, पडेलच’ असे म्हणत घरच्यांनी काळ्या डागाकडे दीड वर्ष दुर्लक्ष केले. ती दुधाची नव्हती. पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या सगळ्या दातांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आल्याचे घरात कोणाला कळतच नाही. तिच्या खाचा खोल असतात, आणि त्या वेळीच बुजवून घेण्याचा साधा, वेदनारहित उपाय दंतवैद्याकडे असतो.

घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री टॉर्च धरून दोन्ही जबड्यांच्या अगदी टोकाशी पाहा. चार कोपऱ्यांत चार मोठ्या दाढा दिसल्या, तर त्या त्याला जन्मभर पुरवायच्या आहेत.