टिटवी, पण कोणती?

लोणारला वीकेंडला गेलात, तर सरोवराचे फोटो काढून लगेच गाडीत बसू नका. काठावर कलकलाट करत उठते ती आपली नेहमीची टिटवी: डोळ्यापुढे लाल गाठ, चोचही लाल. आता बुलढाण्याच्या कोरड्या माळावर तिची चुलतबहीण शोधा. गाठ पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आवाज जरा बेताचा. ही माळटिटवी, खास भारतीय उपखंडातली! घरटं म्हणजे जमिनीवरचा नुसता खळगा. ऐन उन्हाळ्यात पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गार ठेवते. (आपल्याला एसी लागतो.) लालवाली शहरातल्या गच्चीवरही अंडी घालते. पिवळीला मोकळा माळच हवा. सरोवराला २०२० मध्ये रामसरचा दर्जा मिळाला. माळाला आपण ‘रिकामा प्लॉट’ म्हणतो. सो, तिथे गाडी घालण्याआधी उतरून खाली बघा, प्लीज.