दिव्याला आसन हवे

दिवा भूमीवर टेकवू नये, हा संकेत आपल्या घरांतून अजून पाळला जातो. समईखाली पाट असतो, निरांजनाखाली तबक असते. काहीच नसेल तर चिमूटभर अक्षता तरी असतात. षोडशोपचारांत आवाहनामागोमाग देवाला आसन देतात. तोच मान दिव्याला. संस्कृतात ठाणवईला ‘दीपवृक्ष’ असे नाव आहे. ते ध्यानी घेतले, तर ती लाकडाची असण्यात वावगे काय?

हे आज लिहितो आहे खरा. पण गेल्या दीपावलीत माझ्याच हातून प्रमाद घडला. आमच्या बारा वर्षांच्या नातवाने जुन्या चौकटीतील सागाचा वीतभर तुकडा घेतला, गिरमिटाने त्यात भोक पाडले, पटाशीने कडेने कमळाच्या वेड्यावाकड्या पाकळ्या कोरल्या आणि मेणबत्ती लावून तो देव्हाऱ्यापुढे आणून ठेवला. मी तो उचलून ओट्यावर नेला. वर ‘मेणबत्तीत चरबी असते’ हेही ऐकवले. मुलगा काहीच बोलला नाही. त्याच रात्री देवळात माझे आख्यान होते विदुराच्या कण्यांचे!

मेणबत्त्या पूर्वी चरबीच्या होत, हे खरे. आज बहुतेक खनिज तेलातून निघणाऱ्या पॅराफिनच्या असतात. तरी काहींत प्राणिज स्निग्धांश मिसळलेला असू शकतो. म्हणून देवापुढे तूप अथवा तेलच असावे, हे माझे मत कायम आहे. पण त्यात ठाणवईचा काय अपराध? मेणबत्ती अंगणात लावावी. देव्हाऱ्यापुढे त्याच खोलगटात पितळी वाटी बसवून तुपाची वात लावावी.

बाजारात तयार मिळते, मग ही खटपट कशाला, असे कित्येक गृहस्थ विचारतात. बाजारात वातीही मिळतात. तरी कित्येक घरांत त्या हातानेच वळतात. चंदनही सहाणेवर उगाळतात.

करणाऱ्याने इतके मात्र पाहावे. लाकूड चांगले वाळलेले असावे. ओले पुढे तडकते. तळ रुंद ठेवावा. काचकागद लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच फिरवावा. खोलगटात धातूची वाटी हवीच, कारण मेणबत्ती सरत आली की ज्योत लाकडाला भिडते. जवसाचे तेल चोळल्यास रंग खुलतो. परंतु त्या तेलाची चिंधी चोळामोळा करून टाकू नये, ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवावी. पडद्याजवळ दिवा नको, आणि घर सोडून जाताना तो जळता नको.

यंदा ती ठाणवई देव्हाऱ्यापुढे आहे. वात आमच्या सौभाग्यवतींनी वळली आहे. कमळाची एक पाकळी कोरतानाच तुटली होती. नातू ती घासून नीट करावयास निघाला होता. मीच नको म्हटले.