ग्राफिक्स कार्डाच्या बाजारात घरगुती ग्राहक मागच्या रांगेत

भिलाई : दुर्ग जिल्ह्यातील अहिवारासारख्या लहान शहरात घरच्या गेमिंग संगणकाचे ग्राफिक्स कार्ड बदलण्याचा खर्च आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागतिक स्पर्धेशी जोडला गेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाच्या सुमारे १३० अब्ज डॉलर महसुलापैकी ११५ अब्ज डॉलर डेटा सेंटर व्यवसायातून आले. गेमिंगचा वाटा ११ अब्जांच्या आसपास राहिला. कार्डावरील मेमरी आणि डेटा सेंटरची मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या त्याच तीन प्रमुख कंपन्या बनवतात. त्यांपैकी मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा ग्राहक व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

छत्तीसगडमध्येही नवा रायपूर येथे मे २०२५ मध्ये एआय डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. ही मागणी लवकर ओसरण्याची चिन्हे नसल्याने भाव उतरण्याची दीर्घ प्रतीक्षा महाग पडू शकते. मात्र घाईने सर्वांत वरचे कार्ड घेणेही हिताचे नाही. आरटीएक्स ५०६० साठी कंपनी ५५० वॅटचा, तर ५०९० साठी १००० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. त्यामुळे मॉनिटर व पॉवर सप्लायच्या क्षमतेला साजेसा बदल हाच सामान्य कुटुंबासाठी व्यवहार्य मार्ग ठरतो.