एका कारखान्याच्या दोन गाड्या: निवड कशी कराल?

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना गाडीच्या आत काय असते, हे वेगळे सांगावे लागत नाही. जवळच व्हीकल फॅक्टरी आहे. लष्कराचे ट्रक बनवणारा हा सरकारी कारखाना १९६९ साली सुरू झाला. रिछाई-रांझी भागातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्या किंवा त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांच्या जोरावर पेटत आली आहे.

पण घरची गाडी घ्यायची वेळ आली की तिथेही इतर घरांसारखाच वाद होतो. दोन शोरूममध्ये दोन गाड्या. तोंडवळा सारखा, इंजिन सारखे, कारखानाही एकच; नावे आणि किमती मात्र वेगळ्या. वडील म्हणतात, "माल एकच आहे, स्वस्त असेल ती घ्या." मुलगा नावावर अडून बसतो. आई विचारते, "माल एकच, तर मग वरचे पैसे कशाचे?"

आईचा प्रश्न नेमका आहे. त्याचे उत्तर न शोधता सही केली, तर पाच-सात वर्षे हप्ते भरताना पश्चात्ताप होतो.

एक छप्पर म्हणजे एक गाडी नव्हे

पहिला गैरसमज इथेच होतो. एका कारखान्यातून निघणाऱ्या गाड्या आतून एक असतीलच असे नाही. व्हीकल फॅक्टरीचेच पाहा. इथला शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याखाली बनत असे, तर जोंगा ही जपानच्या निस्सानची जीप. पुढे अशोक लेलँडचा पाच टनी स्टॅलियन आणि टाटांचा अडीच टनी एलपीटीए हे दोन ट्रक इथेच तयार होऊ लागले. फाटक एक, कामगार एक. पण एकाचा भाग दुसऱ्याला बसेलच याची खात्री नाही.

जोंगाने आणखी एक धडा दिला. लष्कराने लिलावात काढलेल्या जोंगा अनेक हौशी मंडळींनी घेतल्या. दणकट गाडी स्वस्तात मिळाली. पण कारखान्यात ती बनणे थांबले असल्याने सुटे भाग शोधता शोधता मालकाची दमछाक होऊ लागली. म्हणून गाडी कुठे बनली याइतकेच तिचे भाग पुढे कुठे मिळणार, हेही महत्त्वाचे.

खरी जुळी भावंडे

दुसरा प्रकार खऱ्या जुळ्यांचा. पुण्याजवळच्या चाकणला फोक्सवॅगनची व्हेंटो आणि स्कोडाची रॅपिड एकाच कारखान्यात बनत. २०२१ साली आलेल्या कुशाक आणि टायगुन या गाड्याही चाकणच्याच. पाया तोच आणि इंजिनेही तीच. मारुतीची बलेनो २०१९ पासून टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लांझा या नावाने मिळू लागली.

परदेशात लोक सुट्टीसाठी चाकांवरची घरे विकत घेतात. तिथेही हेच चालते. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात नॉयश्टाट गावी काप्रॉन नावाचा कारखाना आहे. काराडो आणि सनलाइट या दोन्ही नावांची फिरती घरे तिथूनच बाहेर पडतात. पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर यांची मांडणी अनेकदा इतकी मिळतीजुळती, की नाव झाकले तर ओळखू येऊ नये.

फरक कागदावर असतो

मग अशा जुळ्यांत निवडायचे काय? पत्रा आणि इंजिन तेच असले, तरी त्यामागे उभा राहणारा विक्रेता वेगळा असतो. ग्लांझा आली तेव्हा टोयोटा तिच्यावर तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटरची हमी देत होती. बलेनोवर मारुतीची हमी दोन वर्षे किंवा चाळीस हजार किलोमीटर एवढीच होती. २०२४ मध्ये मारुतीनेही मुदत वाढवून तीन वर्षे आणि एक लाख किलोमीटर केली. म्हणजे गाडी तीच असताना २०१९ चा आणि २०२४ चा हिशेब वेगळा निघतो. म्हणूनच शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी दिलेला सल्ला जसाच्या तसा घेऊ नये.

दुसरी बाजू सर्व्हिसची. जबलपूरहून नागपूरला नातेवाइकांकडे निघालात आणि सिवनीजवळ गाडी अडली, तर जवळचे अधिकृत गॅरेज कोणाचे? हमी लांबलचक, पण गॅरेज शंभर किलोमीटरवर, तर ती हमी कपाटातच राहते.

फिरत्या घराच्या बाबतीत तर जबाबदारीच दोघांत विभागलेली असते. चासी आणि इंजिन एका मोटार कंपनीचे, वरचे घर दुसऱ्याने बांधलेले. छत गळले तर कोणाकडे जायचे, हे खरेदीआधीच लिहून घ्यायला हवे. आपल्याकडे टेंपो ट्रॅव्हलरवर असे घर बांधून घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

सही करण्यापूर्वी

* दोन्ही गाड्यांची ऑन रोड किंमत लेखी मागा. नोंदणी, कर आणि विमा धरल्यावर फरक कधी कमी होतो, कधी वाढतो.
* सारख्या किमतीच्या नव्हे, सारख्या सोयींच्या गाड्या शेजारी ठेवा. एअरबॅग किती, मागच्या सीटला पट्टे कसे, हे आधी पाहा. गाणी वाजवणारा पडदा नंतर.
* हमीत काय येत नाही, ते वाचा. घासून झिजणारे भाग बहुधा वगळलेले असतात.
* आपल्या गावातल्या दोन्ही सर्व्हिस केंद्रांत जाऊन नेहमी लागणाऱ्या चार-पाच भागांच्या किमती विचारा.
* जुन्या गाड्यांच्या बाजारात कोणत्या नावाला गिऱ्हाईक लवकर मिळते, याची चौकशी करा. नावाचा खरा मोल तिथेच कळतो.

एवढे झाल्यावर दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवावेत. वरचे पैसे जास्त हमी, जवळचे गॅरेज किंवा पुढच्या विक्रीची चांगली किंमत देत असतील, तर ते सुखाने द्यावेत. केवळ बोनेटवरच्या बिल्ल्यासाठी जात असतील, तर वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.