उन्हाची झीज कोणाच्या खात्यावर?



कांद्यात ऑक्सिफ्लोरफेन मारले आणि ऊन पडले की तण करपते. त्या औषधाने पानात प्रोटोपॉरफायरिन नावाचा पदार्थ साठतो. त्यावर उजेड पडला की तो प्राणवायूच्या जोरावर पेशी जाळतो. गंमत अशी, की परदेशातल्या कातडीच्या डॉक्टरांनी हाच पदार्थ कामाला लावला आहे.

वर्षानुवर्षे उन्हात राबलेल्या गोऱ्या माणसाच्या टकलावर, कानावर, मनगटावर खरखरीत खपल्या धरतात. त्यांतल्या काहींचा पुढे कर्करोग होतो. १९९० साली कॅनडात केनेडी आणि पॉटियर यांनी कातडीवर अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल लावून उजेड देण्याची रीत मांडली. बिघडलेल्या पेशींत या आम्लाचे प्रोटोपॉरफायरिन बनते आणि चांगल्या कातडीपेक्षा जास्त साठते. १९९९ अखेरीस अमेरिकेने औषधाला मान्यता दिली. आता लेप लावून तीनएक तास झाकतात, मग दहाएक मिनिटे लाल दिवा. आग फार होते, पण चिरफाड नाही, व्रणही सहसा राहत नाही. युरोपात दिव्याऐवजी दोन तास बाहेर उजेडात बसवण्याचीही रीत आहे. ज्या उन्हाने मारले त्याच्याच हातून औषध! (घरचे तणनाशक मात्र कोणी अंगाला लावू नये, ते विष आहे.)

हा आजार आपलाच, असा कांगावा आम्ही करणार नाही. सावळ्या कातडीला रंगाचे कवच असते, आपल्यात तो क्वचित दिसतो. पण जन्मतः अंगात रंग नसलेल्या लेकरांना धोका मोठा. त्यांना टोपी आणि पूर्ण बाह्यांशिवाय रानात नेऊ नये. महिनाभर न भरणारी जखम, किंवा जुन्या भाजल्याच्या व्रणावर उठलेला फोड, कोणाचाही असो, डॉक्टरला दाखवावा.

आम्हाला खटकते ते वेगळेच. जर्मनीने २०१५ पासून उन्हाने अनेक ठिकाणी उठणाऱ्या या खपल्यांना कामामुळे होणारा आजार ठरवले. उपचाराचा खर्च कामाच्या विम्यावर, आणि त्यात शेतकरीही आला. आपल्याकडे हमीभावाच्या हिशेबात अवजारांची झीज धरतात. कपाशी वेचणाऱ्या बाईला लागलेली उष्माघाताची लाट, ज्वारी राखणाऱ्याच्या डोळ्यात वाढलेले मांस, हे कोणत्या रकान्यात? तो रकानाच नाही. उन्हाने झालेला दवाखान्याचा खर्च उत्पादन खर्चात धरा, ही मागणी आम्ही जिल्हा बैठकीत मांडणार आहोत. येताना अशा खर्चाच्या चिठ्ठ्या, पावत्या जुन्या असल्या तरी सोबत आणाव्यात.