कंबरेचे दुखणे आणि पायाळूची लाथ

रोवणी लागली की गोंदिया जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : कंबर धरली. सकाळी पऱ्हे उपटायचे, त्यांच्या पेंढ्या डोक्यावरून बांधीत न्यायच्या आणि मग दिवसभर चिखलात वाकून रोवायचे. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना हेच, दिवाळीच्या आगेमागे धान कापतानाही हेच. उरलेल्या दिवसांत अनेक घरांतल्या बाया मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून बिड्या वळतात. अशा कंबरेला वर्षभर सुट्टी नसते. म्हणून ती दुखते. पूर्वजन्मीचे पाप, कोणाची नजर किंवा बाईच्या जातीचा भोग यांच्याशी तिचा काही संबंध नाही.

मग उपाय सुरू होतात. कोणी तेल लावून मालिश करून घेते. कोणी नस बसवणाऱ्याकडे जाते. उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याची लाथ कंबरेला लावून घेतात. कुठे तुंबडी लावतात, कुठे तापलेल्या सळईने डागतात. बाजारातून पट्टा आणतात, जडीबुटीवाल्याकडून पुड्या आणतात. दवाखाना शेवटी येतो. तोवर एक मजुरी बुडालेली असते आणि हातउसने पैसे संपलेले असतात.

या बायांना अडाणी म्हणून हसणाऱ्यांपैकी आम्ही नाही. दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी जाते. रांगेत उभे राहून दोन मिनिटांत गोळ्या मिळतात आणि कंबरेला कोणी हातही लावत नाही. मालिश करणारी मावशी मात्र तासभर बसते, विचारपूस करते. दुखणाऱ्या माणसाला आराम हवा असतो, आणि आराम मागणे हा गुन्हा नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक उपाय एका पारड्यात तोलू नका. काही उपाय खरेच उपयोगाचे आहेत, काही नुसते खर्चाचे आहेत आणि काही जिवावर बेतणारे आहेत.

खुद्द तथागतांची पाठ दुखत असे. दीघनिकायातल्या संगीति सुत्तात हा प्रसंग आहे. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत धम्मचर्चा चालली. तेव्हा पाठ दुखते म्हणून बुद्धांनी पुढचा उपदेश सारिपुत्तांवर सोपवला आणि स्वतः आडवे झाले. विनयपिटकातही नोंद आहे की पिलिंदवच्छ या भिक्खूंचे अंग वाताने धरले, तेव्हा बुद्धांनी त्यांना घाम काढण्याच्या उपचाराची आणि गरम पाण्यात बसण्याची परवानगी दिली. यात मंत्र नाही, गंडादोरा नाही. विश्रांती आहे, शेक आहे. दुखणे लपवायचे नसते आणि दुसऱ्याच्या हाती काम देण्यात कमीपणा नसतो, हेही आहे.

आजचे वैद्यकशास्त्र याच दिशेने बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्यायाम, दुखण्याची नीट माहिती, मालिश, प्रशिक्षित माणसाने केलेले मणक्याचे हस्तोपचार आणि मनाला आधार देणारे उपचार यांना तिने उपयोगी ठरवले. कंबरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणे यांची नेहमीच्या उपचारात शिफारस नाही, असेही तिने सांगितले. म्हणजे आजीची तेलमालिश आणि गरम पाण्याची पिशवी यांत वावगे काही नाही. शेक पंधरा-वीस मिनिटे पुरतो. मात्र साखरेच्या रुग्णाची कातडी बधिर असू शकते. त्याला शेक देताना आधी आपल्या हाताला चटका बसतो का ते पाहावे.

पायाळूच्या लाथेचे काय? उसण म्हणजे बहुधा आखडलेला स्नायू. तो काही दिवसांत आपोआप सैल होतो. आपण लाथ घेतो तीही दोन-चार दिवस दुखून झाल्यावर. उतरायची असलेली उसण उतरते आणि श्रेय लाथेला मिळते. पायांकडून जन्मल्याने कोणाच्या पायात गुण येत नाही. जन्मावरून गुण ठरवण्याची रीत आपण धम्म स्वीकारताना मागे टाकली आहे. ती कंबरेच्या निमित्ताने घरात परत घेऊ नये.

खरा धोका पुढे आहे. कंबर दुखते म्हणून प्रत्येक वेळी दुखणे स्नायूचेच असेल असे नाही. आपल्या भागात दोन आजार विशेष लक्षात ठेवले पाहिजेत.

पहिला सिकलसेल. पूर्व विदर्भात हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. सिकलसेलच्या रुग्णाला कंबर, पाठ, हातपाय यांत मध्येच असह्य कळा येतात. पाणी कमी पडले, थंडी बाधली, अंगमेहनत जास्त झाली की त्या वाढतात. पावसात भिजत केलेली रोवणी म्हणजे या तिन्ही गोष्टी एकत्र. काही रुग्णांच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते हाड झिजते आणि आपण मात्र ‘कंबर गेली’ म्हणत राहतो. तरण्या पोराची किंवा पोरीची कंबर वारंवार दुखत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, रक्त कमी असेल, तर आधी सिकलसेलची तपासणी करा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी होते, पुढे इलेक्ट्रोफोरेसिसने माणूस वाहक आहे की रुग्ण ते कळते. नुसत्या वाहकाला सहसा त्रास होत नाही. रुग्णाला हायड्रॉक्सियुरियासारख्या गोळ्यांनी कळा कमी होतात. अशा रुग्णाला डागणे किंवा लाथ मारणे म्हणजे दुखण्यावर मारहाण आहे.

दुसरा मणक्याचा टीबी. रात्री वाढणारे दुखणे, बारीक ताप, घटते वजन, मणक्यावर एका जागी दाबले की कळ. टीबीने पोखरलेल्या मणक्याला झटका दिला तर पाय कायमचे जाऊ शकतात. टीबीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

आणखी काही खुणा पाठ करून ठेवा : पाय लुळा पडणे, जांघेत बधिरपणा, लघवी अडणे किंवा नकळत होणे, पडल्यानंतर किंवा उतारवयात अचानक सुरू झालेले दुखणे. यांत एकही खूण असेल तर उद्याची वाट पाहू नये. कंबरेसोबत अंगावर पांढरे जाणे किंवा पोटात दुखणे असेल तर लाज न धरता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.

आता पुड्यांविषयी. वात मुळापासून घालवतो म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत आणि गोळ्यांत स्टेरॉइड व वेदनाशामके मिसळलेली सापडल्याची उदाहरणे देशभर आहेत. दोन दिवसांत चमत्कार झाल्यासारखा आराम वाटतो, भूक वाढते आणि मग चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. दुकानातून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही पोटात जखम करतात आणि मूत्रपिंडाला इजा करतात. सिकलसेलच्या रुग्णाला तर हा धोका जास्त. अशी पुडी बरेच दिवस घेत असाल तर ती एकदम बंद करू नका. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

केसमुत्तीच्या कालामांना बुद्धांनी दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. परंपरेने चालत आले, कोणी मोठ्याने सांगितले, म्हणून मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा. हीच कसोटी उपचाराला लावा. यात काय आहे ते सांगतो का? किती दिवसांत काय फरक पडेल ते सांगतो का? डॉक्टरांची औषधे बंद करायला लावतो का? गुण आला नाही तर दोष आपल्याच श्रद्धेवर ढकलतो का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ किंवा शेवटच्या दोनांना ‘हो’ असे उत्तर आले, तर पैसे पदरालाच बांधून ठेवा.

मनाचाही भाग आहे. बाणाच्या दृष्टान्तात बुद्ध सांगतात की शरीराची वेदना हा एक बाण आणि तिच्याविषयीची घालमेल हा दुसरा. २०१६ साली अमेरिकेत ३४२ कंबरदुखीच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सजगतेच्या ध्यानाने नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोकांना फरक पडल्याचे दिसले. आनापानसतीने सिकलसेल किंवा टीबी बरा होत नाही. पण तपासणी झाल्यावर, रोजच्या दुखण्यासोबत जगताना, ती फुकटची आणि आपल्याच घरातली मदत आहे.

तरीही मूळ कारण कामात आहे, आणि तिथे हात घातल्याशिवाय कंबर सुटणार नाही. रोवताना दर वीस मिनिटांनी उभे राहून, कंबरेवर हात ठेवून मागे वाका. बिडी वळताना भिंतीला पाठ लावा, बुडाखाली पोते दुमडून घ्या, अर्ध्या तासाने उठून चार पावले चाला. दिवसेंदिवस खाटेवर पडून राहू नका, त्याने कंबर अधिक आखडते. आणि घरातल्या पुरुषांनो, रोवणीवरून आलेल्या बाईने पुन्हा पाण्याचे गुंड उचलायचे आणि चुलीपुढे वाकायचे, ही वाटणी तुम्हीच बदलू शकता.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातल्या कामगाराला आठवड्याचे ४८ तास मिळाले. बांधीत रोवणाऱ्या आणि घरी बिडी वळणाऱ्या बाईच्या तासांना आजही मोजमाप नाही. म्हणून बिडी कामगाराचे ओळखपत्र काढून ठेवा. आपल्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस तरी व्यायामोपचार तज्ज्ञ यावा, अशी मागणी ग्रामसभेत लेखी नोंदवा.

वर्षावास आणि रोवणी एकाच वेळी येतात. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचनाला बाया जमतात. महिला मंडळांनी त्यातला अर्धा तास कंबरेच्या व्यायामाला द्यावा. एक दिवस आशाताईंना बोलावून साऱ्या वस्तीची सिकलसेल तपासणी करून घ्यावी. दुखणाऱ्या बाईला खाली मांडी घालायला लावू नका, तिला खुर्ची द्या.