विश्लेषण : ‘एनव्हिडिया’च्या चिपला ज्यांचं नाव मिळालं, ते डेव्हिड ब्लॅकवेल कोण होते?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बातम्यांमध्ये ‘ब्लॅकवेल’ हे नाव सतत कानावर पडतं. अमेरिकेनं ही चिप चीनला विकू द्यावी की नाही, यावरून वॉशिंग्टनमध्ये वाद झडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईत रिलायन्स आणि एनव्हिडियानं भारतातल्या डेटा सेंटरसाठी सहकार्य जाहीर केलं, तेव्हाही याच चिपची चर्चा होती. पण हे नाव आहे एका संख्याशास्त्रज्ञाचं. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना ऐन उमेदीत नामांकित विद्यापीठांची दारं बंद झाली होती.

चिपला त्यांचं नाव का?

एनव्हिडिया आपल्या चिपच्या पिढ्यांना वैज्ञानिकांची नावं देते. पास्कल, व्होल्टा, ट्युरिंग, हॉपर ही त्यातलीच काही. मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पिढीला डेव्हिड ब्लॅकवेल यांचं नाव मिळालं. या पिढीतल्या ‘बी२००’ चिपमध्ये २०,८०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत.

नाव केवळ मानापुरतं नाही. अपुऱ्या माहितीवरून चांगला निर्णय कसा घ्यायचा, हा ब्लॅकवेल यांच्या कामाचा गाभा होता. आजचे एआय मॉडेलही वेगळ्या पातळीवर याच प्रश्नाशी झुंजतात. टप्प्याटप्प्यानं घ्यायच्या निर्णयांच्या गणितावर त्यांनी १९६०च्या दशकात जे काम केलं, ते चुकत-माकत शिकणाऱ्या संगणक प्रणालींच्या सैद्धांतिक पायाचा भाग आहे.

बालपण आणि शिक्षण कसं होतं?

ब्लॅकवेल यांचा जन्म २४ एप्रिल १९१९ रोजी इलिनॉय राज्यातल्या सेंट्रेलिया या गावी झाला. वडील रेल्वेत कामाला होते. सोळाव्या वर्षी ते इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले, तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं त्यांच्या मनात होतं. प्रत्यक्षात १९४१ मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी त्यांनी गणितात पीएचडी मिळवली.

दारं कुठे बंद झाली?

पीएचडीनंतर रोझेनवाल्ड फंडाच्या शिष्यवृत्तीवर ते प्रिन्स्टनमधल्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीमध्ये गेले. तिथल्या अभ्यासकांना शेजारच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं मानद सदस्यत्व देण्याची प्रथा होती. ब्लॅकवेल यांच्या बाबतीत मात्र विद्यापीठाच्या अध्यक्षांनी आक्षेप घेतला. विद्यापीठातल्या व्याख्यानांना बसायलाही त्यांना मनाई होती.

१९४२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात त्यांच्या नावाचा विचार झाला. प्रख्यात संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन त्यांच्या बाजूने होते. तरीही नोकरी मिळाली नाही. नंतर समोर आलेलं कारण असं : विभागातल्या प्राध्यापकांना विभागप्रमुखांच्या घरी जेवायला बोलावण्याचा रिवाज होता आणि प्रमुखांच्या पत्नीला कृष्णवर्णीय पाहुणा घरात नको होता.

ब्लॅकवेल यांनी मग कृष्णवर्णीयांसाठीच्या १०५ महाविद्यालयांना अर्ज पाठवले. तीन ठिकाणांहून होकार आला. दोन वर्षं इतरत्र शिकवून १९४४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात आले आणि १९४७ मध्ये गणित विभागाचे प्रमुख झाले.

राव-ब्लॅकवेल प्रमेय काय सांगतं?

त्याच वर्षी त्यांचा सर्वाधिक गाजलेला निष्कर्ष प्रसिद्ध झाला. भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी कोलकात्यात काम करताना १९४५ मध्ये हीच गोष्ट स्वतंत्रपणे मांडली होती. म्हणून जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ते ‘राव-ब्लॅकवेल प्रमेय’ म्हणून शिकवलं जातं.

समजा, कारखान्यातल्या मालातून १०० बल्ब तपासले. एकूण मालात खराब बल्बचं प्रमाण किती, याचा अंदाज फक्त पहिला बल्ब पाहून बांधला, तर उत्तर एक तर शून्य टक्के येईल नाही तर शंभर टक्के. अंदाज अगदीच ढोबळ. आता १०० पैकी एकूण सात बल्ब खराब आहेत, हे लक्षात घ्या. ते सात कोणत्याही क्रमानं येऊ शकले असते. त्या सगळ्या क्रमांमध्ये पहिल्या बल्बवरून आलेल्या अंदाजांची सरासरी काढली, तर उत्तर येतं सात टक्के.

प्रमेयाचं सार हेच. आपल्याला हव्या त्या प्रश्नाबद्दल आकडेवारीत जेवढी माहिती आहे, तेवढी सगळी सामावणारा आकडा हाताशी असेल, तर त्याच्या आधारे ढोबळ अंदाज असा सुधारता येतो. सुधारलेला अंदाज मूळ अंदाजापेक्षा सरासरीनं कधीच वाईट ठरत नाही.

बर्कलीचं दार कधी उघडलं?

१९५४ मध्ये, म्हणजे पहिल्या नकारानंतर १२ वर्षांनी. पुढच्याच वर्षी ते तिथे पूर्णवेळ प्राध्यापक झाले, नंतर संख्याशास्त्र विभागाचे प्रमुखही. बर्कलीत कायमस्वरूपी प्राध्यापकपद मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय होते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीयही तेच. ८ जुलै २०१० रोजी त्यांचं निधन झालं. बर्कलीतलं एक वसतिगृह आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

ही गोष्ट आज का महत्त्वाची?

जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनानं सरकारी पातळीवरचे विविधता कार्यक्रम गुंडाळायला सुरुवात केली. ‘गुणवत्ता असेल तर संधी मिळतेच’ हा या बाजूचा मुख्य युक्तिवाद.

ब्लॅकवेल यांची कारकीर्द वरवर पाहता त्याला दुजोरा देते. तपशिलात गेलं की चित्र बदलतं. १९४२ मध्ये नेमन यांना त्यांची गुणवत्ता दिसली होती, तरी ती पुरेशी ठरली नाही. मधल्या १२ वर्षांत त्यांना उभं राहायला जागा दिली ती कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांनी. शिकवण्याचा मोठा भार सांभाळून त्यांनी तिथेच १९४७चं काम केलं. हॉवर्डसारख्या संस्था नसत्या, तर बर्कलीला १९५४ मध्ये बोलावण्यासाठी असे ब्लॅकवेल सापडले असते का, हा प्रश्न उरतो.

शिवाय आपल्याला दिसतात ते टिकून राहिलेले ब्लॅकवेल. पहिल्याच नकारानंतर गणित सोडून दिलेल्यांची नोंद कुठे होत नाही. केवळ यशस्वी झालेल्यांकडे पाहून काढलेला निष्कर्ष फसवा असतो, हे संख्याशास्त्राच्या पहिल्या काही धड्यांतच शिकवलं जातं.